सुकुबाला

रात्रीचे पावणेबारा झाले होते. आतल्या खोलीतून आवाज आला, "अहो, कुठे आहात?"

मी हॉलमध्ये सोफ्याच्या कडेवर बसून, दोन्ही हातांत प्लेस्टेशनचा कंट्रोलर घट्ट धरून, कंबरेपासून उजवीकडे कलंडलो होतो. शेवटचं लांबलचक उजवं वळण चालू होतं. अशा वेळी माणसाला खोटं सुचत नाही.

"सुकुबाला आहे!"

आत दोन सेकंद शांतता. मग दिवा लागला.

"कोण ही बाला?"

तेवढ्यात गाडी गवतात गेली.

सुकुबा हे जपानमधल्या एका छोट्याशा रेस ट्रॅकचं नाव. खरा उच्चार त्सुकुबा, पण दहिसरच्या दमट हवेत पुढचा त् कधी गळून पडला ते कळलं नाही. इबाराकी प्रांतात १९७० साली सुरू झालेल्या या ट्रॅकची एक फेरी २०४५ मीटरची. म्हणजे आमच्या दहिसर स्टेशनपासून चेकनाका साधारण जेवढा लांब, तेवढीच. फक्त मध्ये रिक्षास्टँड नाही. नवी गाडी बाजारात आली की तिकडचे मोटारपत्रकार तिला सुकुबाला नेतात आणि फेरीची वेळ घेतात. आपल्याकडे मुलगी बघायला गेल्यावर 'जरा चालून दाखव' म्हणायचे, तसाच प्रकार.

हे सगळं मी बायकोला उभ्या उभ्या समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे बाई नाही?"

"नाही."

"मग आवाज बंद करून खेळा."

आणि ती आत गेली. तिच्या चेहऱ्यावर होती ती सुटका की निराशा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

या सगळ्याला जबाबदार आमचे चिरंजीव. पहिल्या पगारात त्यांनी आईला साडी घेतली, आजोबांना शाल घेतली आणि स्वतःला प्लेस्टेशन घेतलं. मला काय, तर "बाबा, तुम्हीपण खेळू शकता." त्यावर ग्रान तुरिस्मो नावाचा मोटारींचा खेळ. काझुनोरी यामाउची नावाच्या गृहस्थाने याचा पहिला भाग १९९७ च्या डिसेंबरात आणला आणि तेव्हापासून हा माणूस खऱ्या गाड्या हुबेहूब पडद्यावर उतरवत बसला आहे. सातवा भाग ४ मार्च २०२२ ला आला. खेळ सुरू केला की तो तुम्हाला फेरारीबिरारी देत नाही. मध्यमवर्गीय बापासारखे मोजके पैसे हातावर ठेवतो आणि जुन्या गाड्यांच्या दुकानात पाठवतो. तिथे तीन गाड्यांतली एक निवडायची: माझदा डेमियो, टोयोटा ॲक्वा नाहीतर होंडा फिट.

"बाबा," चिरंजीव म्हणाले, "ही तिसरी बघा. आपली गाडी."

खरंच आमची जॅझ! जपानात तिला फिट म्हणतात, आपल्याकडे जॅझ. माहेरचं नाव फिट, सासरचं जॅझ. तोच चेहरा, तेच दिवे, मागच्या काचेचा तोच उतार. मी २०१६ साली हप्त्यांवर घेतलेली गाडी जगभरातली मुलं पहिली गाडी म्हणून घेत होती. माझा ऊर भरून आला. शेअरबाजारात मी घेतलेल्या कुठल्याच गोष्टीबाबत असं झालेलं नाही.

खऱ्या जॅझची हकिगत मात्र वेगळी होती. माझं ऑफिस अंधेरी पूर्वेला. आधी मी हायवेने गाडी घेऊन जायचो. मग २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, दहिसर पूर्वेहून मेट्रो सुटली आणि पुढच्या जानेवारीत ती थेट अंधेरीच्या गुंदवलीपर्यंत जाऊ लागली. मेट्रो चालू झाली आणि गाडी बसली. आधी आठवड्यातून दोनदा निघायची, मग लग्नकार्यापुरती, मग नुसतीच पीयूसी काढायला. शेवटी मी तिच्यावर राखाडी कव्हर घातलं आणि कव्हरवर मांजर बसलं. ते अजून तिथेच आहे. म्हणजे मांजर बदललं असेल, जागा तीच आहे.

त्यामुळे पडद्यावरच्या जॅझवर माझा जीव जडला. खेळात एक गॅरेज आहे, तिथे गाडी धुता येते, ऑइल बदलता येतं. मी दर आठवड्याला तिला आंघोळ घालू लागलो. ऑइल वेळेवर. खाली खऱ्या गाडीच्या कव्हरवर कुणीतरी बोटाने 'मुझे धो' असं लिहिलं होतं आणि वर मी खोट्या गाडीचे टायर बदलत होतो. खेळात प्रत्येक गाडीचं किलोमीटरचं मीटर चालू राहतं. त्या वर्षी खोटी गाडी खरीपेक्षा जास्त पळाली.

पहिली फेरी मात्र आठवू नये अशी झाली. मी सवयीप्रमाणे डाव्या बाजूने निघालो.

"इंडिकेटर कुठल्या बटणावर आहे?"

"बाबा, रेस आहे ही."

"म्हणून काय झालं? वळताना मागच्याला सांगायला नको?"

"मागे कोणी नाहीये!"

हे मला पटेना. मी २४ वर्षं मुंबईत गाडी चालवतोय, मागे कोणी नाही असं एकदाही झालेलं नाही. प्रत्येक वळणाआधी मी स्पीडब्रेकर असल्यासारखा थांबत होतो. समोर मोकळा रस्ता दिसला की संशय यायचा, पुढे खोदलेलं असणार. खेळात हॉर्न आहे, तो मात्र पहिल्या फटक्यात सापडला आणि पूर्ण फेरीभर मी तो मनापासून वाजवला. वेळ आली १ मिनिट ५८ सेकंद. चिरंजीवांनी त्याच गाडीने, एका हाताने वेफर्स खात, १ मिनिट १९ सेकंद दिले.

माणसाला वय विसरायला लावणाऱ्या गोष्टी जगात थोड्या आहेत, त्यात हे ३९ सेकंद येतात. तीन आठवडे मी रात्री बारापर्यंत जागलो. मधल्या केसाच्या पिनेसारख्या वळणाला ब्रेक कधी मारायचा, शेवटच्या वळणावर ॲक्सिलरेटर कधी सोडायचा आणि सोडून पुन्हा कधी धरायचा, यावर मी ऑफिसात मीटिंगच्या कागदामागे आकृत्या काढू लागलो. साहेबांना वाटलं, मी टिपणं घेतोय. तीन आठवड्यांनी आकडा आला: १ मिनिट २६.

एकदा जोश चढून न्यूरबुर्गरिंगलासुद्धा गेलो. जर्मनीतला १९२७ सालचा ट्रॅक, एकच फेरी पण २०.८ किलोमीटरची, डोंगरातून, सत्तरच्या वर वळणं. २०१८ साली पोर्शच्या एका खास गाडीने ती ५ मिनिटं १९ सेकंदांत मारली. माझ्या जॅझला पावणेतेरा मिनिटं लागली आणि मी हळहळत बसलो होतो, तेवढ्यात डोक्यात हिशेब झाला. दहिसर चेकनाक्यापासून हायवेने सांताक्रूझ जवळपास तेवढंच लांब. त्याला संध्याकाळी मला एक तास वीस मिनिटं लागायची, आणि ती वेळ 'आज लवकर पोचलो' म्हणून मी घरी सांगायचो.

हे सगळं घरात राहिलं असतं तर लेख लिहायची वेळ आली नसती. पण एका सकाळी लिफ्टमध्ये स्विफ्टवाले भेटले.

आमच्या सोसायटीत माणसांना आडनावं आहेत, ती लेटरबॉक्सवर लिहिलेली आहेत, पण वापरात नाहीत. स्विफ्टवाले, जिम्नीवाले, नेक्सॉनवाले, तिसऱ्या मजल्यावरचे एटहंड्रेडकाका. सेक्रेटरींकडे ग्रँड विटारा आहे, म्हणून त्यांना पाठीमागे 'विटारा' म्हणतात आणि समोर 'साहेब'. मला 'कव्हरवाले' म्हणतात हे मला खूप उशिरा कळलं.

तर लिफ्टमध्ये मी सहज बोलून गेलो, "आपली जॅझ सुकुबाला एक सव्वीस मारते."

सुकुबा म्हणजे काय, असं स्विफ्टवाल्यांनी विचारलं नाही. मारते म्हणजे काय करते, हेही विचारलं नाही. त्यांनी लिफ्टचं दार पायाने अडवून ठेवलं आणि विचारलं, "आणि स्विफ्ट?"

त्या शनिवारी रात्री ते पायजम्यावर आमच्याकडे आले, जाताना १ मिनिट २१ करून गेले. मी हरकत घेतली. खेळातली स्विफ्ट म्हणजे स्विफ्ट स्पोर्ट, १.४ लिटरची टर्बो, ती आपल्याकडे विकायला आलेलीच नाही. यांची साधी १.२.

"अहो, पण आडनाव तेच ना?" स्विफ्टवाले म्हणाले. "आणि तुमची ती फिट तरी कुठे जॅझ आहे? तिच्यात दीड लिटरचं इंजिन आणि वर विजेची मोटर आहे. मी वाचलंय. तुमच्या गाडीत विजेचं काय आहे?"

माझ्या गाडीत विजेची एक बॅटरी होती. तीही उतरलेली आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

बातमी जिन्याने खालपर्यंत गेली. पुढच्या रविवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सात पुरुष होते आणि दारात चौदा चपला. बायकोने एकदाच चहा केला आणि "पुढचा आपापल्या गाडीतून घेऊन या" म्हणून सांगितलं. वेळा लिहायला कागद हवा होता, तेव्हा सेक्रेटरींनी गेटवरून व्हिजिटर रजिस्टर मागवलं. दिनांक, नाव, गाडी नंबर, कोणाकडे, काम, आत, बाहेर, सही. आमच्या सगळ्या वेळा या वहीच्या मागच्या पानांवर नोंदल्या गेल्या. 'काम' या रकान्यात सेक्रेटरींनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'लॅप'.

जिम्नीवाल्यांचं जे झालं ते वाईट झालं. माणूस सज्जन. २०२३ साली जिम्नी आपल्याकडे आल्या आल्या त्यांनी बुक केली, छतावर कॅरिअर लावला, मागे डिझेलच्या डब्यासारखा एक डबा लावला, आणि तेव्हापासून ते ती दहिसर ते बोरिवली अशी चालवतात, भाजीला. डोंगर चढायची गाडी म्हणून सोसायटीत तिचा दरारा. खेळात जिम्नी सापडल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली, मनगटं मोडली आणि ॲक्सिलरेटर दाबला. गाडी निघाली. म्हणजे निघाली असावी. मागचा देखावा हळूहळू सरकत होता.

"हँडब्रेक आहे का?" त्यांनी विचारलं.

हँडब्रेक नव्हता. ती जपानी जिम्नी होती. तिकडे छोट्या गाड्यांचा एक वेगळा वर्ग आहे, इंजिन ६६० सीसीच्या आत, लांबी ३.४ मीटरच्या आत, कर कमी. त्या वर्गातली ती, ६५८ सीसीची. आपल्याकडची १४६२ सीसीची. नावात साम्य, पोटात निम्मंसुद्धा नाही. वेळ झाली १ मिनिट ३९. खिडकीत बसलेल्या त्यांच्या सात वर्षांच्या मुलीने स्पष्ट आवाजात विचारलं, "पप्पा, आपण लास्ट?"

"ही आपली नाही, बेटा. आपल्याला पाच दरवाजे आहेत. हिला तीन."

"दोन दरवाजे जास्त म्हणजे वजन जास्त," स्विफ्टवाले म्हणाले, "म्हणजे अजून दोन सेकंद धरा."

त्यानंतर आठ दिवस जिम्नीवाले लिफ्टऐवजी जिन्याने दिसायचे. डोंगर चढायची सवय.

सेक्रेटरींचं प्रकरण उलटं. ग्रँड विटारा खेळात नाही म्हणून ते निमूट रजिस्टर सांभाळत होते. पण कमिटीवर बारा वर्षं काढलेला माणूस, एका आठवड्यात त्यांनी पुरावा शोधून आणला. जुन्या ग्रँड विटाराला जपानात एस्कुडो म्हणायचे. आणि खेळात एस्कुडो आहे! फक्त ती पाइक्स पीक नावाच्या अमेरिकन डोंगराच्या शर्यतीसाठी बनवलेली, मागे पलंगाएवढा पंख, दोन टर्बोचं व्ही-६ इंजिन आणि हजाराच्या आसपास हॉर्सपॉवर. 'मॉन्स्टर' ताजिमा म्हणून ओळखला जाणारा एक जपानी गडी असल्या गाड्या त्या घाटात हाकायचा. सेक्रेटरी म्हणाले, "घराणं तेच."

त्यांनी बटण दाबलं आणि गाडी दिसेनाशी झाली. मग भिंतीजवळ सापडली. पुन्हा दाबलं, पुन्हा भिंत. दीड तासात सेक्रेटरींनी सुकुबाची एकही फेरी पूर्ण केली नाही, पण चेहऱ्यावर असं समाधान मी त्यांच्या कुठल्याही वार्षिक सभेत पाहिलेलं नव्हतं. रजिस्टरमध्ये त्यांनी स्वतःच नोंद केली: 'ग्रँड विटारा (एस्कुडो). वेळ: अद्याप मोजता आली नाही.' आणि खाली सही.

"पॉवर भरपूर आहे," जाताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "आवरत नाही इतकंच."

नेक्सॉनवाले गप्प होते. खेळात टाटाही नाही आणि महिंद्राही नाही. चौथ्या रविवारी ते उठून उभे राहिले आणि म्हणाले की हा सगळा आपल्या गाड्यांना बाहेर ठेवायचा डाव आहे, आणि ज्या खेळात भारतीय गाडी नाही तो खेळ भारतीय सोसायटीत खेळला जाऊ नये. सभा क्षणभर गंभीर झाली. चिरंजीवांनी लॅपटॉप उघडून तोडगा काढला. आसेत्तो कोर्सा नावाचा २०१४ चा एक इटालियन खेळ आहे, त्यात जगभरचे हौशी लोक स्वतः गाड्या तयार करून घालतात. नेक्सॉन काही त्या रात्री सापडली नाही. कुणा हौशी माणसाने बनवलेली मारुती ८०० मात्र सापडली.

सगळ्यांनी एटहंड्रेडकाकांकडे पाहिलं. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची चावी दिली गेली, ते चित्र काकांनी तेव्हा पेपरातून कापून ठेवलं होतं आणि अजून त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. त्यांची स्वतःची ८०० १९९८ सालची, पांढरी. २०१४ साली ८०० चं उत्पादन थांबलं तेव्हा त्यांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं होतं, असं काकू सांगतात.

काकांनी चष्मा पुसला, कंट्रोलर हातात घेतला आणि १ मिनिट ४४ सेकंदांत फेरी मारली. मग दुसरी मारली, १ मिनिट ४४. तिसरी, १ मिनिट ४४. दहा फेऱ्या. एकदाही गवतात नाही, एकदाही भिंत नाही, उतार नसलेल्या ट्रॅकवरसुद्धा कुठेतरी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवल्यासारखी ती गाडी चालली. हॉलमध्ये कुणी बोलेना. दहाव्या फेरीनंतर काकांनी कंट्रोलर टिपॉयवर ठेवला आणि विचारलं, "ॲव्हरेज काय दिलं?"

"काका, वेळ बघायची असते. ॲव्हरेज दाखवत नाही."

"मग कशाला पळवायची?" असं म्हणून ते वर गेले.

यानंतर वाद सुरू झाला तो न्यायाचा. हा खेळ वेगळा, तो वेगळा, त्यातला सुकुबा वेगळा. शिवाय खऱ्या गाडीत माणूस कधी एकटा असतो का? मागे सासू, पायाशी पिशव्या, डिकीत गॅसची टाकी. तेव्हा खरी तुलना करायची तर तेवढं वजन हवं. ग्रान तुरिस्मोत गाडीत जास्तीचं वजन ठेवायची सोय आहे, त्याला बॅलास्ट म्हणतात. सेक्रेटरींनी वही उघडली आणि प्रत्येकाने कुटुंबाचं वजन जाहीर करावं असा ठराव मांडला.

सात पुरुष एकमेकांकडे बघू लागले. इतका वेळ स्वयंपाकघरात असलेली आमची ही ओट्याचं फडकं हातात घेऊन दारात आली.

"आधी ड्रायव्हरचं लिहा. सत्त्याऐंशी. शर्ट ओढून बसू नका, सगळ्यांना दिसतंय."

ठराव बारगळला.

जूनमध्ये सासरे आले. ते जुन्नरकडचे, वय ७८, डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला दहिसरला आलेले. डोळा साफ झाल्यावर त्यांनी पहिली जी गोष्ट नीट पाहिली ती म्हणजे रात्री अकरा वाजता सोफ्यावर कलंडलेला जावई. आता हे सगळं यांना कसं सांगायचं, म्हणून मी कानकोंडा झालो. पण सासऱ्यांनी खुर्ची ओढली, दोन फेऱ्या बघितल्या आणि म्हणाले, "जावईबापू, म्हंजी हा घाट. आन् ही बारी."

मी कंट्रोलर खाली ठेवला. तीन महिन्यांत एकाही माणसाला इतक्या लवकर कळलं नव्हतं.

त्यांच्या तिकडे, जुन्नर, आंबेगाव, खेड भागात, बैलगाडा असाच पळतो. घाट म्हणजे गाडा पळवायची धावपट्टी, बारी म्हणजे एका गाड्याची धाव. घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो, शेजारी प्रतिस्पर्धी नसतो, झुंज घड्याळाशी. पुढे जुकाटाची जोडी, मागे धुरीची, आणि सगळ्यांच्या पुढे बैलांना खेचत नेणारी घोडी. सेकंदाच्या फरकावर बक्षीस ठरतं. सासऱ्यांनी ऐन उमेदीत गाडा पळवलेला. २०१४ साली सुप्रीम कोर्टाची बंदी आली तेव्हा त्यांनी खोंड विकायला साफ नकार दिला होता. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली त्या रात्री त्यांनी आम्हाला फोन केला होता. आम्हाला वाटलं, कुणाचं तरी बरंवाईट झालं.

"आन् ही पुढं पळती ती पांढुरकी गाडी कुणाची?"

खेळात तुमचीच आधीची सगळ्यात चांगली फेरी एका आरपार दिसणाऱ्या गाडीच्या रूपात पुढे धावते. तिला घोस्ट म्हणतात. ते मी सांगितलं.

"म्हंजी घोडी," सासरे म्हणाले. "पर तुमचीच?"

"माझीच."

"मंग हरवायचं कुणाला?"

"स्वतःलाच."

"आन् हरवलं तर बक्षीस?"

"काही नाही."

सासरे बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "आमच्याकडं फळीफोडला मोटारसायकल देत्यात," ते म्हणाले. "कुठं कुठं जेसीबी." मग जरा वेळाने, "खरी गाडी कुठंय?"

"खाली आहे."

"पळती का?"

या प्रश्नाला 'हो' म्हणणं ही माझी चूक झाली. रविवारी सकाळी साडेसातला, रस्ता रिकामा असताना, जॅझ खरोखर काढायची आणि चेकनाक्यापर्यंत जाऊन यायची असं ठरलं. सरळ, शांतपणे, वेगाची मर्यादा पाळून. सासऱ्यांनी मोबाइलवर घड्याळ लावलं. बातमी अर्थातच फुटली, आणि साडेसातला कव्हरभोवती सगळी समिती जमली होती. मांजराला उठवण्यात चार मिनिटं गेली. कव्हर काढल्यावर धुळीचा जो लोट उठला त्यात नेक्सॉनवाले दोनदा शिंकले. मी आत बसलो, किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. या वेळी टक्सुद्धा नाही.

"बॅटरी," स्विफ्टवाले म्हणाले. काही माणसांना आनंद लपवता येत नाही. "सुकुबाला एक सव्वीस ना?"

"धक्का मारा," वरून गॅलरीतून एटहंड्रेडकाकांचा आवाज आला. "सेकंड गिअर टाक! क्लच दाबून धर, वेग आला की सोड!"

आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही. स्विफ्ट, जिम्नी, नेक्सॉन आणि विटारा, चौघे जण जॅझच्या मागे खांदा लावून उभे राहिले. रात्रपाळीचा वॉचमन पाचवा. जिम्नीवाले सगळ्यात जोरात ढकलत होते, आठ दिवस जिने चढल्याचा उपयोग झाला. गेटच्या उतारावर मी क्लच सोडला, गाडीने एक आचका दिला, सासरे डॅशबोर्डवर गेले, आणि इंजिन धडधडलं. मागे टाळ्या. आरशात पाहिलं तर सेक्रेटरी बनियनवर हात पुसत होते आणि ओरडत होते, "बंद करू नका! अर्धा तास तरी बंद करू नका!"

चेकनाक्याला रांग होती. रविवार सकाळ, विरार, वसई, गुजरातकडे निघालेली अर्धी मुंबई. सासऱ्यांनी खिडकीतून बघितलं. "ह्यो टोल तर माफ झालाय ना?"

"हो. छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून."

"मंग थांबलेत कशाला सगळे?"

"सवय आहे."

इंजिन बंद करायचं नाही म्हणून उतरता येईना. सासऱ्यांनी काचेतून हात बाहेर काढून फिरत्या चहावाल्याकडून दोन कटिंग घेतले. पेला परत देईस्तोवर गाडी त्याच जागेवर होती, त्यामुळे सोय झाली. मग यू टर्न, मग सिग्नल, मग पुढे बसच्या मागे. तीन वेळा मी इंडिकेटर दिला आणि तीनही वेळा मागच्याने हॉर्न दिला, तेव्हा जिवाला बरं वाटलं. सासरे मध्येच म्हणाले, "घोडी असती तर लवकर झालं असतं." त्यांनी हे गंभीरपणे म्हटलं की थट्टेने, ते मी विचारलं नाही. मोबाइल त्यांनी मांडीवर उलटा ठेवला होता.

सोसायटीच्या गेटाशी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. समिती नाश्त्याला घरोघरी गेलेली. आठ वाजता वॉचमनची पाळी बदलली होती आणि एजन्सीने त्या दिवशी कुणीतरी नवा बदली माणूस पाठवला होता. तो गाडीसमोर हात आडवा धरून उभा राहिला. पुढच्या काचेवरचा सोसायटीचा स्टिकर उन्हाने पार पांढरा झालेला, त्यावर काही वाचता येत नव्हतं.

"किसके यहाँ जाना है?"

"इथेच राहतो मी. बी विंग."

त्याने गाडीकडे पाहिलं. धूळ, मांजराची पावलं, मागच्या काचेवर पाच माणसांच्या पंजांचे ठसे.

"ये गाड़ी इधर की नहीं है, साहब. लिस्ट में जॅझ एक है, वो कव्हरवाली." आणि त्याने कव्हर पडलेल्या जागेकडे बोट दाखवलं. तिथे आता कुणाच्या तरी बारशाला आलेली एक भलीमोठी इनोव्हा उभी होती. "एंट्री करना पड़ेगा."

इंजिन बंद करता येत नव्हतं, वाद घालण्यात पेट्रोल जळत होतं. मी काचेतून रजिस्टर आत घेतलं. त्याने घाईत ते मागच्या बाजूने उघडलं होतं. वरच्या ओळीत सेक्रेटरींचं वळणदार अक्षर, 'जिम्नी, १ मि. ३९ से.', त्याखाली 'एटहंड्रेड, १ मि. ४४ से.' मी खाली नाव लिहिलं, गाडीचा नंबर लिहिला, 'कोणाकडे' मध्ये स्वतःचंच नाव पुन्हा लिहिलं, 'काम' रिकामं सोडलं. 'बाहेर' सात बेचाळीस. 'आत' नऊ अकरा.

"एक तास एकोणतीस मिन्टं," शेजारून सासरे मोबाइल बघत म्हणाले. "तेवढं लिवा."

वॉचमनने सही तपासली, वही मिटली आणि खाली वाकून अदबीने सांगितलं, "साहब, गेस्ट पार्किंग फुल है. बाहर लगाना पड़ेगा."